जीपची धाकटी दांडी

२२ एप्रिल, मंगळवार

आज रिकामी जीप घेऊन परत. धाकटी दांडी अडली. मोठ्या गिअरशेजारची, चारही चाकांना ताकद देणारी. तळोद्याबाहेर पडताच फोर-व्हीलमध्ये टाकली होती, पायथ्यापर्यंत ठीक. वरच्या पाड्याची चढण सुरू झाली, आता लो हवं, चढ-उताराचा हळू पण जोरकस गिअर, तर ढिम्म. पुढे नाही, मागे नाही. दोन्ही हातांनी ओढली. शेजारच्या सीटवरून हे: "जोर लाऊ नको, ते काय बैल शे का?" म्हटलं, बैल असता तर एव्हाना ऐकलं असतं.

लोशिवाय ती चढण म्हणजे... नाहीच.

गेंदीबाई पाड्यावरून खाली चालत आली. एके काळी आमच्या शेतात कापूस वेचायला यायची, आता साऱ्या पाड्याचं आमचूर तिच्या शब्दावर विकलं जातं. घरोघरी वाळून तयार आहे. मे अखेर दमट वारं सुटलं की काळं पडेल. "बाई, व्यापाऱ्याचा टेम्पो इथंच उभा राहतो. तू तळोद्याच्या बाजारात नेलं नाही तर त्यालाच द्यायचं." तो पांढऱ्याशुभ्र आमचुरालाही काळं म्हणतो, आणि त्याच भावाने उचलतो. म्हटलं, थोडं थांबा, मी येते. ती "बरं" म्हणाली. विश्वासाने म्हणाली की कंटाळून, कळलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

शहाद्याला, मिस्त्रीकडे. त्याने अंगणात जीप फिरवली. दांडी लोण्यासारखी पडली. हायमध्ये, लोमध्ये, परत. मिस्त्री: "काकू, तुमले दखीसन घाबरनी व्हई ती." दांडी मला बघून घाबरली म्हणे! मला हसू आलं नाही. यांना आलं ते घरी पोचेपर्यंत थांबेना.

तरी खात्री करायची तर गिअरची पेटी खोलावी लागेल म्हणाला. आखाजीचा सण तोंडावर, सामान धुळ्याहून येणार, म्हणजे सगळा मे गेला. नको म्हटलं. सांध्यांना तेल-ग्रीस करून घेतलं.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी शेतात सराव. काचबिंदूने यांची नजर गेली तेव्हापासून जीप मीच चालवते, पण कान अजून यांचेच. दांडीवर हात ठेवून बसले. "मी सांगस तवय वढ. तुले कितला डाव सांगू, आवाज आयक आधी." ऐकला. नांगरटीत दर वेळी पडली. मग त्या दिवशीच काय झालं होतं?

"तिले डांबर आवडत नही," हे म्हणाले. पुन्हा चेष्टा. सोडून दिलं.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

लेक आली. खापरावरची पुरणपोळी केली, हात भाजला. जेवताना तिने विषय काढलाच. "पप्पांना दिसत नाही, तुला ऐकायचं नाही. असे दोघं घाटात जाता! विकून टाका ती." म्हटलं, रस वाढून घे. हे मुकाट्याने पोळी खात होते, म्हणजे माझ्या बाजूने.

रात्री वाटलं, ती चुकीचं बोलली नाही. पण पाड्यावर शब्द देऊन आलेय.

३ मे, शनिवार

लिहून ठेवते.

जाताना पायथ्याच्या मातीत उभं राहून थेट लो टाकलं. पडलं. चढलो. पाड्यावर पोती भरली, वर दोर आवळले. उतरताना पहिल्या वळणापर्यंत नवा सिमेंटचा रस्ता आहे, म्हणून हाय घेतलं. तिथेच चूक. वळणाखाली कच्चा उतार, लो पाहिजे. दांडी दगड झालेली. ब्रेकवर जीप धरून थोडं उतरले तर जळका वास. थांबवली. हे खाली उतरले, हातांनी चाचपडत चाकांपुढे दगड लावले. चाक उचलून खालून बघावं म्हणून मी जॅक काढला, तो उतारावर सटकला. माझ्या पायापासून वीतभर.

गेंदीबाई मागच्या पोत्यांवर बसून येत होती. ती उतरली, दरडीवर चढली आणि पाड्याकडे तोंड करून हाक दिली. शब्द कळले नाहीत, एक सोडून: लाह. त्यांची रीत आहे. एकाचं काम अडलं की तो लाह बोलावतो, घरटी माणूस येतं.

आले. बाया, बाप्ये, एकाच्या खांद्यावर सागाचं लांब लाकूड. रुतलेली गाडी उचलतात तशी उचलायची एवढंच त्यांच्या मनात. काहींनी मागे दोर धरले. लाकूड पुढच्या चाकाजवळ घातलं, सगळे लोंबकळले. चाक जमिनीवरून सुटलं आणि खालून धाप् असा आवाज. चाक आपोआप थोडं उलटं फिरलं. हे ओरडले, "आते वढ!" एका बोटाने पडली दांडी. एका बोटाने!

सगळे हसले.

म्हटलं, काय देऊ? गेंदीबाई म्हणाली, "लाहमध्ये देत नाहीत बाई. जेवू घालतात. आणि दुसऱ्याने बोलावलं की यायचं." डब्यात आमच्या दोघांपुरत्या दशम्या नि ठेचा. मोडून मोडून वाटल्या. एक म्हातारी तुकडा तळहातावर ठेवून बघत राहिली आणि काहीतरी बोलली, त्यावर पुन्हा हशा. गेंदीबाईने सांगितलं: "ती म्हणते, हे चिमणीचं झालं. तुझं जेवण बाकी राहिलं."

लोमध्ये मुंगीसारखे उतरलो. तळोद्याला माल पांढरा म्हणूनच गेला. सगळा.

४ मे, रविवार

सकाळपासून त्या धाप् आवाजाचा विचार. चाक उलटं फिरलं म्हणजे आत पीळ साठला होता. पीळ का? शिवणाची टेप घेऊन चारही चाकांचे घेर मोजले. पुढचे दोन टायर यंदा नवे घातले, मागचे जुने झिजलेलेच ठेवले, काटकसर म्हणून. घेरात चांगला तीन बोटांचा फरक. पुढची नि मागची चाकं एकाच दांड्याने बांधलेली, पण वेगवेगळी पळणार. मातीत घसरून जुळवून घेतात. डांबर-सिमेंटवर घसरता येत नाही, पीळ चढतो, दांडी आवळली जाते. बी.एस्सी. इतक्या वर्षांनी कामाला आली.

यांना सांगितलं. "मी तेच सांगं," म्हणाले. डांबर आवडत नही! मान्य केलं. दिवसभर मिशीत हसत होते.

८ मे, गुरुवार

मागचे दोन टायर सांगितले. या मापाचे हल्ली कोणी ठेवत नाही म्हणे, मागवावे लागतील. कधी येतील ते दुकानदारालाही ठाऊक नाही. तोवर डांबरावर फक्त दोन चाकांवर. मिस्त्री म्हणतो, पीळ खाऊन दांडीला जोडलेला आतला काटाही थोडा वाकला असेल. असेल.

देवापुढे दिवा लावताना आज पाड्याची एकेक तोंडं आठवत बसले. नावं फार थोड्यांची माहीत. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

१७ मे, शनिवार

दुपारी गेंदीबाईचा फोन. उद्या तिच्या घरी लाह. जुनी कौलं उतरवून घर शाकारायचं, आभाळ भरून येतंय म्हणून घाई. "बाई, तू ये. त्या बाबालाही आण." हत्यार काय आणू विचारलं, तर म्हणे, "हात आण."

यांना म्हटलं, तुम्ही घरी थांबा, तिथे छपराखाली कोण कोणाला सांभाळणार? चिडले. "रांगमा उभा ऱ्हासू. इकडथून कौल लिसू, तिकडे दिसू. त्याले डोया कसाले लागतस?" एकाकडून कौल घ्यायचं, पुढच्याच्या हाती द्यायचं. खरंच आहे ते.

टायर आलेले नाहीत. संध्याकाळी खळ्यात दांडी टाकून पाहिली. एकदा पडली, एकदा नाही. लेकीला फोनवर सांगितलं नाही. दशम्या दोघांपुरत्याच केल्यात, उद्या जेवण गेंदीबाईकडे. पाड्याला जेवू घालायचं माझ्याकडे अजून बाकी आहे, त्याची तारीख तिलाच विचारीन.

पहाटे निघायचं. लो पडलं तर वर जीप. नाही पडलं तर पायथ्याशी लावून यांचा हात धरून चढायचं. यांनी काठी आताच दाराशी आणून ठेवली आहे. मी म्हटलं, लागणार नाही. तिथून हलवली मात्र नाही.