सावडीची पाळी

प्रिय सोनाली,

बुधवारपासून तू फोन उचलत नाहीस. सात वेळा लावून झाला, म्हणून हे पत्र तुझ्या बिरवाडीच्या खोलीच्या दाराखालून सरकवून जाणार आहे. 'ताईचं आपलं काहीतरीच' म्हणून बाजूला टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच. मला भीती वाटते आहे. दोन दिवस मी धड जेवलेली नाही आणि आई 'पित्त झालंय' म्हणत मला कोकमाचं पाणी पाजते आहे. तिला काही सांगितलेलं नाही.

चूक माझी आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. डिसेंबरात तुमच्या कंपनीचे अठ्ठेचाळीस कर्मचारी मी पळसकोंडाला नेले होते. कामही तूच मिळवून दिलेलं. माझ्या संस्थेला तोवर कोण विचारत होतं? पोलादपूरच्या पुढे डोंगरात बावीस घरांची ती वाडी, आणि ओढ्यावर गोणपाटांचा वनराई बंधारा घालायचा. काय ती वरात होती! कुणाला ऊन सोसत नाही, कुणाची कंबर धरलेली, अकाउंट्सच्या साहेबांनी एक गोणी भरली आणि तिच्याबरोबर अकरा फोटो काढले. पण खरं सांगते, चार वाजेपर्यंत बंधारा उभा राहिला. बायका काठावर येऊन पाणी चढताना बघत होत्या. मला इतका आनंद झाला होता की परतताना बसमध्ये मी चक्क गाणं म्हटलं.

त्याच्या आठ दिवस आधी मी वाडीत बैठक घेतली होती. येसूबाई, म्हणजे तिथल्या बचत गटाची म्होरकी, साठीची पण जिभेने विशीची, तिने सरळ विचारलं, "पगारी मानसा हायत ना ती? मग फुकट कशाला राबतील?" मी स्वयंसेवक म्हटलं, सामाजिक जबाबदारी म्हटलं. सगळे चेहरे कोरे. शेवटी माझ्या तोंडून गेलं, अहो, सावडच समजा. आणि सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. मी स्वतःवरच खूश झाले. आपण महाडच्या बाजारपेठेत वाढलेल्या पोरी, आपल्याला सावड पुस्तकातली. आज तुझ्या लावणीला आम्ही, उद्या आमच्या लावणीला तू, एवढंच ठाऊक. पण सावडीत पाळी असते गं. पाळी चुकवली तर त्या घराच्या कामाला पुन्हा कुणी उभं राहत नाही. मी मदतीला येण्यापुरता शब्द वापरला, त्यांनी तो फेडीसकट घेतला. डिसेंबरपासून ती बावीस घरं कंपनीची पाळी येण्याची वाट बघत होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

तो पत्ता महादूला लागला. तुमचा तो मजूर पुरवणारा ठेकेदार, मूळचा त्याच भागातला, त्यामुळे शब्दाचं वजन त्याला बरोब्बर कळतं. कंपनीच्या सांडपाण्याच्या टाकीतला गाळ पावसाआधी काढायचा आहे आणि त्याच्या माणसांनी नुसत्या वासानेच आत उतरायला नकार दिला आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सोमवारी तो पळसकोंडाला गेला आणि म्हणाला, कंपनीची सावड परत करायची आहे, रविवारी या. तेरा जण तयार झाले. मंगळवारी तुमच्या ऑफिसातून मला फोन आला, 'स्थानिक ग्रामस्थांचे श्रमदान' असा फलक करायचा आहे, तुमच्या संस्थेचं नाव टाकू ना? खोदून विचारलं तेव्हा मला सगळा प्रकार कळला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

काल मी वाडीवर गेले. हात जोडले, पाया पडायचंच बाकी राहिलं होतं. त्या तेरातला चांगू म्हणाला, "गाळच काढायचा ना? आमी काय जन्मात गाळ काढला नाय?" त्याला ओढ्यातला गाळ माहीत आहे. ज्या गाळातून न दिसणारा वायू निघतो आणि दोन श्वासांत माणूस आडवा होतो, तो गाळ मी त्याला कसा समजावू? मी सांगितलं, ती सावड नव्हती, माझं बोलायला चुकलं. तशी येसूबाई उठली. "बाय गो, तू बोलायला चुकलीस, पन पानी तर खरा अडलाय. त्या पान्यावर माझी वांगी झाली. आता नाय गेलो तर तोंड कसा दाखवायचा?" भांडण असतं तर मी जिंकले असते. तिने मला वांगी दिली. ती माझ्या स्वयंपाकघरात पडली आहेत आणि माझा त्यांना हात लागत नाही.

सोनू, तुझी आधीची नोकरी आठव. तिथल्या टाकीत तिघे गेले त्या दिवशी तू घरी येऊन मोरीत बसून राहिलीस, अंगावर पाणी घेतलंस तेही कपड्यांसकट. तुझ्या पाठीला साबण मी लावला. तेव्हा तूच सांगितलंस की पहिला पडला तो वायूने, आणि नंतरचे दोघे मायेने. त्याला ओढून काढायला एकामागून एक उतरले. 'ताई, वर उभं राहून बघत राहायचं हे माणसाला जमतच नाही,' असं म्हणाली होतीस. आता मला सांग, ही तर सावडीची माणसं. चांगू आत पडला तर उरलेले बारा जण काठावर थांबतील? डोळे मिटले की मला तेरा जोड चपला दिसतात, टाकीच्या तोंडाशी ओळीने काढून ठेवलेल्या.

बुधवारी तू म्हणालीस, हवा तपासल्याशिवाय कुणालाच उतरवत नाहीत. हवा तपासायचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं आहे, हे तूच मला आईच्या वाढदिवसाला सांगितलं होतंस. मी त्याची आठवण दिली तर म्हणालीस, "वरून सांगितलंय, ताई," आणि फोन ठेवलास. तुझ्यावर दबाव आहे हे मला दिसतं. खोलीचं भाडं, बाबांची औषधं, आणि एवढ्या पुरुषांत सुरक्षा अधिकारी म्हणून तू एकटी बाई. मी तुझ्यावर रागावलेली नाही. पण त्या क्षणी पहिल्यांदा मला टाकीपेक्षा तुझी भीती वाटली, आणि ते मला सहन होत नाही.

तुमच्या साहेबांना मी मेल केला, उत्तर नाही. कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात आज अर्ज देऊन आले, तिथल्या कारकुनाने सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारी! रविवारी टाकीचं झाकण उघडण्याआधी एकच कागद लागतो, आत उतरायच्या परवानगीचा, आणि त्यावर तुझी सही लागते. उतरणाऱ्यांची यादी त्याला जोडायची असते. ती यादी तुमच्या ऑफिसने माझ्याकडे मागितली. आधी मी नाही म्हटलं, तर म्हणाले, मग महादूकडून घेऊ. तेव्हा मात्र मी हो म्हटलं. आज दुपारी ती देऊन आले. वाडीचे तेरा आहेत, पण यादीत नावं चौदा आहेत. सावड मी बोलले, तर पहिली पाळी माझी, असं येसूबाईला फोन करून सांगितलं. चांगूच्या आधी मी उतरणार आहे. हे पत्र एवढ्याचसाठी लिहिलं, की रविवारी सकाळी सही करायची वेळ आली तर वरून कुणी काय सांगितलंय ते बाजूला ठेव आणि यादीतलं पहिलं नाव मोठ्याने वाच.

तुझीच,
शर्मिलाताई