भिंतीकडे तोंड करून

चि. धाकट्यास थोरल्याचा आशीर्वाद (नको असेल तर पाकिटातच राहू दे). खोकला गेला का? तुझी बायको आणि पोरं बरी आहेत हे ठाऊक आहे. तुझी वहिनी तिच्याशी रोज फोनवर बोलते. बोलत नाही ते आपण दोघंच. गिऱ्हाइकासमोर मी तुला दोन शब्द बोललो (जरा मोठ्याने) आणि तू ब्रश उचलून चालता झालास, तेव्हापासून एकट्याने रंगकामाचा धंदा कसा चाललाय ते विचारू नकोस.

हे पत्र त्यासाठी नाहीच. ब्लडप्रेशर पाहून डॉक्टरांनी मला झेन ध्यानाला पिटाळलंय. म्हणजे गप्प बसायचं. सगळ्या धर्मांना दार उघडं. माझ्या उजवीकडे एक फादर, डावीकडे नमाज न चुकवणारे शिंपीमामा, आणि मागे कशावरच विश्वास नसलेली दातांची डॉक्टरीण (तीच सगळ्यांत आधी येऊन जागा धरते). मी विचारलं, इथे देव कुठला? केंद्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आधी नीट बसा तर खरं."

बसायचं ते भिंतीकडे तोंड करून, डोळे अर्धे उघडे ठेवून. आता रंगाऱ्याला भिंतीसमोर बसवून 'विचार करू नका' म्हणायचं, ही काय थट्टा आहे? पायाला मुंग्या, नाकाला खाज, आणि हातभर अंतरावर रंगाला आलेला लिंबाएवढा फुगा! बाकीचे श्वास मोजतायत आणि मी मनातल्या मनात खरवडतोय. जागा बदलून मागितली. बाई म्हणाल्या, समोर जे आहे त्याच्यासोबतच बसा. बसलो. बसल्या बसल्या दिसलं की फुगा सोडला तर भिंत देखणी आहे. रोलरची एक रेघ नाही, आणि कोपऱ्यात ब्रशचा शेवटचा हात खालून वर नेलेला. असा उलटा हात मारणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्यासाठी त्याने माझ्या टपल्या खाल्ल्यात. इतके दिवस मी तुझ्यासमोर मांडी घालून बसत होतो रे!

त्यानंतर तर चैनच पडेना. परवा घंटा व्हायच्या आधी फुग्याला नखाने जरासं, अगदी जरासं टोचलं. पोपडा सुटला तो थेट छतापासून, फादरांच्या मांडीत. शिंपीमामांनी तौबा केली. डॉक्टरीण ओरडली, "अरे देवा!" बाई मात्र नुसत्या हसल्या. भिंत मीच नीट करून देईन असं मी छातीठोकपणे सांगून आलोय.

तुझा दादा

ता. क. तुझ्या कामात खोट नव्हती. आतला पाइप गळत होता. हे मी तिथे सगळ्यांना सांगितलं (जरा मोठ्याने).

आणखी ता. क. पत्र खिशातच राहिलं, तोवर पाइप बदलून भिंत पुट्टीने भरून झाली, पण तुझा तो पांढरा काही जमत नाही. डबेच्या डबे बिघडवले. त्यात निळा किती घालतोस ते वहिनीकडे कळव.

शेवटचा ता. क. कळवू नकोस. तूच ये. मी एक अक्षर बोलणार नाही. हवं तर बाईंना विचार, मला आता तासभर गप्प बसता येतं. (अर्धा तास. पण ये.)