मवाबी सुनेचं नाव

७ जून १९९८, रविवार
उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी थांबवलं. "आता रिटायर झालात. दर बुधवारी अभ्यास वर्ग घ्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. सगळ्या शास्त्रातनं देवाची एकच योजना कशी चालत आलीय, ते लोकांना दाखवा." माझा आवडता विषय! लगेच हो म्हणून टाकलं. घरी सुमती म्हणाली, "सोपं बोला. बायका राबून येत्यात, डुलक्या काढतील."

१० जून, बुध.
पहिला वर्ग. उत्प. १. आधी अंधार नि गोंधळ, मग एकेक गोष्ट आपापल्या जागी. आयुष्यभर एस.टी.च्या ऑफिसात गाड्यांची वेळापत्रकं लावली, त्यामुळं असेल, हा अध्याय वाचताना आत शांत वाटतं. कुणी झोपलं नाही.

१४ जून, रवि.
आमचा शमू गारगोटीहून आला. जेवणं झाल्यावर सांगितलं, लग्न ठरवलंय. मुलगी प्रज्ञा, त्याच्याच शाळेत विज्ञान शिकवते. घरचे बौद्ध.
"बाप्तिस्मा घेणार का?"
"न्हाय. आणि मी तिला विचारणार पण न्हाय, पप्पा."
मी म्हणालो, मग तिला या घरात आणू नकोस. त्यानं चप्पल घातली नि गेला. एकुलतं एक पोरगं. सुमती बोलत नाही.

२४ जून, बुध.
अब्राहामाचं पाचारण. कुठं जायचं ठाऊक नाही, तरी निघाला. वर्ग चांगला झाला, लोक खूश. येताना सुमती वाटेत म्हणाली, "लोकांना देवाची योजना सांगताय. पोराची मात्र तुम्हीच आखणार व्हय?" ती बोलली, एवढंच बरं वाटलं.

१२ जुलै
शमू आला नाही. त्याचा फोन आला शेजारच्यांकडं, सुमतीसाठी. मी गेलो नाही.

४ ऑगस्ट
उद्या रूथचं पुस्तक. तयारी करत बसलो. सुमती तांदूळ निवडत होती. म्हणालो, बघ, रूथ मवाबी, परकी, पण सासूला, नामीला, म्हणाली की तुझा देव तोच माझा देव. म्हणून तिला जागा मिळाली. माझं म्हणणं तेच आहे.
सुमती मान वर न करता म्हणाली, "ते ती नवरा मेल्यावर रस्त्यात म्हणाली. त्याच्या आधी कितीतरी वर्षं ती नामीची सून होती. तवा कुठं म्हणाली होती? नामीनं आधी घरात घेतली की नाही?"
पुन्हा वाचलं. बरोबर आहे तिचं. इतक्या वेळा वाचलाय हा अध्याय, आणि हे कधी दिसलं नाही.

५ ऑगस्ट, बुध.
वर्गात सुमतीचंच बोलणं सांगितलं, तिचं नाव घेऊन. ती शेवटच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली. मंडळीच्या पंचांपैकी एक जण बाहेर म्हणाले, "हे घरातल्या भानगडीसाठी चाललंय का?" खरं होतं थोडं.

७ ऑक्टो., बुध.
मत्तय १. येशूची वंशावळ सगळेच गाळून पुढं जातात, मीही जायचो. आज मोठ्यानं वाचायला लावली. तामार. राहाब. रूथ. उरीयाची बायको. कुणी परकी, कुणी वेश्या, कुणावर बदनामीचा डाग. बापांच्या नावांच्या लांबलचक यादीत या चौघी. एकही अशी नाही की जिला आमच्या पंचांनी सहज पास केलं असतं. आणि त्यांच्यातूनच ख्रिस्तापर्यंत.
देवाची व्यवस्था मी वेळापत्रकासारखी धरून बसलो होतो. ही तशी नाही. वाकडी वाट धरते, पण पोचते. आज पहिल्यांदाच ती खरी वाटली. भीतीही वाटली.

११ ऑक्टो.
उपासना चुकवून गारगोटीची गाडी धरली. शमूला न कळवता थेट प्रज्ञाच्या वडिलांकडं. पोस्टात आहेत. दारातच म्हणाले, "या पावणं. आमच्याबी घरात वादळ चालू हाय." बसल्यावर स्पष्टच: "छप्पन साली माझ्या बानं धम्म घेतला. लई सोसून घेतला. पोरगी त्यो सोडणार न्हाय."
"सोडायला सांगायला आलो नाही."
"मग कशाला आलाय?"
म्हणालो, चहा प्यायला.
ते मोठ्यानं हसले. आतून प्रज्ञाच चहा घेऊन आली. मी मनात धरली होती त्यापेक्षा ठेंगणी. नजर सरळ.
शमू स्टँडवर सोडायला आला, प्रज्ञानं कळवलं असावं. गाडी सुटताना खिडकीतून हात आत घालून माझा खांदा दाबला.

१ नोव्हें., रवि.
शमू नि प्रज्ञा जेवायला. लग्न रजिस्टर पद्धतीनं, तेवढं ठरलंय. तिच्या आईची अजून ना आहे. पंचांची बैठक पुढच्या रविवारी; वर्ग माझ्याकडं ठेवायचा की नाही, ते ठरेल. पाळकसाहेब म्हणाले, "मी बोलीन तुमच्या बाजूनं. पण खात्री देत नाही."
प्रज्ञानं जेवताना विचारलं, "काका, तुमच्या देवाला शेवट ठाऊक होता, मग मधल्या माणसांना का सांगितला नाही?" चांगला प्रश्न. म्हणालो, मला ठाऊक नाही. भावांनी योसेफाला विहिरीत टाकलं, तेव्हा पुढं काय होणार हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "मग बुधवारी येऊन ऐकते. मानणार नाही, ऐकते." ये म्हणालो. वर्ग राहिला तर.
निघताना ती दारात घुटमळली. सुमतीला म्हणाली, "तुम्हाला आई म्हणू का काकू?"
सुमतीनं तिच्या हातात डबा दिला. "आत्ता काकू म्हण. पुढचं पुढं बघू की."