आंबोणाचा एक गुण

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. सायंकाळी ६.४०

ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी मंडळाच्या शब्दस्पर्धेत, भरल्या सभागृहात, परीक्षकाचा म्हणजे माझा अपमान झाला. प्रश्न होता, आंबोण म्हणजे काय. सुमनताईंनी लिहिलं, पेंड, चुनी, कोंडा भिजवून दूध काढताना गाईपुढे ठेवतात ते. मी शून्य दिलं. आंबोण म्हणजे सुका चारा. मीच काढलेल्या उत्तरांत तसं आहे. सुमनताई उठून म्हणाल्या, बाई, आमच्या दारात गाय आहे, सुक्या चाऱ्याला आंबोण म्हटलं तर ती लाथ घालेल. लोक हसले. अध्यक्ष मुकुंदरावांनी तिथल्या तिथे त्यांना गुण दिला. वर म्हणाले, परीक्षक बदलायचा का ते दिवाळीनंतर ठरवू.

दारात गाय असणं हे क्वालिफिकेशन नव्हे.

सोमवार, ६ ऑक्टोबर

शब्दकोश उघडला नाही. शंका असेल त्याने उघडावा.

आमचे माधवराव म्हणाले, ग्वाल्हेरात सगळे सानीच म्हणतात, तू कशाला भांडतेस. विचारलं, सानी म्हणजे काय. म्हणाले, भूसा नि खली, म्हणजे पेंड, भिजवतात ती. हिंदीतला पुरावा मी ग्राह्य धरत नाही.

बुधवार, ८ ऑक्टोबर

शब्दकोश उघडला. छपाईची चूक आहे. शेजारच्या अवंतिकाने मोबाईलवर दुसरा दाखवला. त्यातही तीच चूक. एकमेकांचं बघून लिहितात. अशा मुलींना मी वर्गाबाहेर उभं करत असे.

सोमवार, १३ ऑक्टोबर

मंडळात गाय-वासरू फक्त सुमनताईंकडे, म्हणून वसुबारसेची पूजा दरवर्षी तिथेच. यंदा मी जाणार नाही. माझ्यावाचून अडेल तेव्हा कळेल.

बुधवार, १५ ऑक्टोबर

कोणाचाही फोन नाही. निश्चय बदलला. जाणार, तेही सुका चारा घेऊन. गायच निकाल देईल. इंदरगंजहून ऑटोत गोणी आणली. ऑटोवाला म्हणाला, माताजी, सूखा ही खिलाओगी? त्याला मराठी येत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. वसुबारस

सगळ्या बायकांसमोर चारा ठेवला आणि स्पष्ट सांगितलं, हे आंबोण. गाईने हुंगलं, तोंड फिरवलं आणि माझ्या चंदेरीचा पदर खायला घेतला. सुमनताईंनी भिजवलेल्या पेंडीची बादली पुढे केली तेव्हा सोडला. म्हणाल्या, पदरही सुकाच होता बाई, पण तिला तुमच्या चाऱ्यापेक्षा बरा वाटला.

गाय त्यांची. तिचा निकाल तटस्थ कसा मानायचा?

रविवार, २६ ऑक्टोबर

मंडळाची बैठक झाली. नव्या परीक्षक सुमनताई. विरोधात एकच मत पडलं. माधवरावांनी हात वर केला नाही. विचारलं तर म्हणाले, खांदा दुखतो.

मुकुंदराव म्हणाले, बाई, पुढच्या वर्षी तुम्ही स्पर्धेत उतरा ना. साफ नकार द्यायला उभी राहिले. नाव देऊन आले.

पेपर सुमनताई काढणार, म्हणजे आंबोण विचारणारच. तेव्हा पेंड किती वेळ भिजवायची, चुनी आधी की कोंडा, पाणी गार की कोमट, हे त्यांनी शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, सायंकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. तोंडी सांगितलेलं चालणार नाही.