सात पानांचा गुलाब

मन्नाएखेळ्ळी
३ नोव्हेंबर २०२३

श्री. अंकुशराव व्याही यांसी,
श्रीपतरावाचा स. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तिकडे पल्लवी, जावईबापू महेशकुमार आणि विहीणबाई खुशाल असतील. फोन सोडून चिठ्ठी कामून म्हणाल, तर तुमच्या घरी फोन कोणीही उचलतं, आणि ही गोष्ट पल्लवीच्या कानावर जायला नको आहे. म्हणून गुलाबाच्या काड्यांच्या पुडक्यातच चिठ्ठी घालून हुमनाबादच्या गाडीने पाठवतोय.

हायवे रुंद व्हायलाय. माझ्या मोटारपंपाच्या दुकानापुढचं आवार त्यात जाणार, मापं घेऊन दगड रोवून गेलेत. त्या आवारात पल्लवीच्या आईचा गुलाब आहे. लग्न होऊन आली तेव्हा चिंताकीहून, माहेराहून, ट्रंकेत ओल्या फडक्यात काडी गुंडाळून तिने तो आणला होता. चिंताकीचं मूळ झाड विहिरीच्या कामात केव्हाच गेलं. आता हे एवढं एकच राहिलं, आणि जुनं खोड उपटून दुसरीकडे नेलं तर जगत नाही.

बिदरच्या प्रदर्शनात चार लोकांत माझ्या फुलाला तुम्ही कोबी म्हणालात, ते मी विसरलेलो नाही. पण काडीवरचा डोळा काढून खुंटावर कलम बांधायला तुमचा हात चांगला, हे शत्रूही कबूल करील. मी बांधलेले डोळे या रस्त्याच्या धुळीने वाळून जातात. म्हणून काड्या तुमच्याकडे. जंगली गुलाबाच्या खुंटांवर यांचे डोळे बांधा आणि जगवा. काडीला काडी ही आपली रीत आहे, तेव्हा तुमच्या त्या बक्षीसवाल्या काळपट लाल गुलाबाच्या काड्या परतीच्या गाडीने पाठवा. पल्लवीला झाड जाणार हे सांगू नका, रडत बसेल.

कळावे. लोभ आहे तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
श्रीपतराव

—

खटकचिंचोळी
८ नोव्हेंबर २०२३

श्री. श्रीपतराव यांसी,
स. न. वि. वि.

पुडकं मिळालं. काड्या फार कोवळ्या कापल्यात आणि कापही तिरका घेतला नाहीत. मुख्याध्यापक असताना सातवीतल्या मुलांना मी एवढं शिकवलं होतं. तरी डोळे बांधले आहेत. मळ्याच्या बाजूला, परसात. पल्लवी दिवसभर भालकीला शाळेवर असते, तिला दिसणार नाहीत. मुलीपासून अशी गोष्ट लपवणं मला पसंत नाही, पण मुलगी तुमची आणि लपवाछपवीही तुमचीच.

लाल गुलाबाच्या काड्या सोबत पाठवल्या आहेत. जपून वापरा. या जातीसाठी कलबुर्गीहून लोक माझ्या दारात येऊन गेले, मी कोणाला दिली नाही. तुम्हाला देतोय ती व्याही म्हणून, माळी म्हणून नव्हे. कोबीचं म्हणाल, तर मी 'कोबीसारखं' म्हणालो होतो.

कळावे, लोभ काड्यांइतका जपावा.

आपला,
अंकुशराव

—

खटकचिंचोळी
४ जानेवारी २०२४

श्रीपतराव,
नमस्कार. यापुढचं वि. वि. तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे.

तुमचे डोळे धरले. सगळ्या खुंटांवर फुटले, हातभर वाढले. मी खुशीत होतो. काल चष्मा लावून जवळून पाहिलं तर एकूण एक देठाला सात सात पानं. व्याही, पाच पानं गुलाबाची आणि सात पानं जंगलाची, हे बागेत चार दिवस घालवलेला कोणीही सांगेल. तुम्ही मला कलमाच्या खालून, खुंटाला फुटलेल्या जंगली फांद्या कापून पाठवल्यात. म्हणजे जंगलावर मी जंगल बांधलं आणि दोन महिने त्याला शेणखत घातलं.

हे तुम्ही अज्ञानाने केलंत असं मानायला मी तयार होतो. पण अज्ञानी माणूस बरोबर माझाच बक्षीसवाला लाल गुलाब बदल्यात मागत नाही. मेलेल्या बाईचं नाव पुढे करून काड्या लाटायच्या, हा कुठला धंदा? पंपाच्या दुकानात जुन्या मोटारीला नवा रंग मारून विकता, ते इथेही केलंत.

मी सगळ्या फांद्या बुडापासून छाटून उकिरड्यावर टाकल्या आणि खुंटही उपटले. माझ्या वाफ्यात आता चांगला गुलाब लावीन.

लोभ असावा असं लिहीत नाही. आधी खुलासा असावा.

अंकुशराव

—

मन्नाएखेळ्ळी
१० जानेवारी २०२४

अंकुशराव,

तुमचं पत्र वाचून मी दुकानाचं शटर ओढलं आणि आतच बसलो. बाहेर आलो असतो तर गिऱ्हाइकाच्या अंगावर गेलो असतो.

तिच्या गुलाबाला सातच पानं असतात. पहिल्यापासून सात. शेजारणी तिला चिडवायच्या की अक्का, हे सात पानांचं जंगल कामून पोसायलाव, आणि ती म्हणायची की फूल आल्यावर बोला. फूल आलं की त्याच शेजारणी सकाळी सकाळी वाटी घेऊन उभ्या राहायच्या. पांढरं फूल, कडेला जरासं गुलाबी, घोसाने यायचं. वास दुकानात ग्रीसच्या वासावर मात करायचा. ते झाड कलमाचं नव्हतंच. काडी मातीत खोचून लागलेलं होतं, त्याला खालचा खुंट कुठला आणि जंगली फांदी कुठली?

दिवाळीनंतर आठवडाभरात रस्त्याचं मशीन आलं. मी चालवणाऱ्याला म्हणालो की बाबा, एक दिवस थांब, कळ्या आहेत. तो म्हणाला की त्याला साहेबांनी संध्याकाळपर्यंत नाल्यापर्यंत पोचायला सांगितलंय. मी बाजूला झालो. मनात म्हटलं, काही हरकत नाही, खटकचिंचोळीला आहे. रोज हेच म्हणत होतो. आणि तुम्ही तिकडे चष्मा लावून पानं मोजत होता!

जगात तेवढंच उरलं होतं, अंकुशराव. ते तुम्ही उकिरड्यावर टाकलंत आणि वर मला चोर म्हणता. शाळेत पोरांचे पेपर असेच तपासलेत का? उत्तर न वाचता, ओळी मोजून?

तुमच्याकडून मला आता काही नको. लोभ तर नकोच.

श्रीपतराव

—

खटकचिंचोळी
१८ जानेवारी २०२४

श्रीपतराव यांस,

तुमचं पत्र मी नीट वाचलं, म्हणून उत्तरही नीट देतो.

कलबुर्गीच्या एका जुन्या नर्सरीवाल्याला फोन करून विचारलं. काही जुन्या जातींना सात पानं येतात असं तो म्हणाला. म्हणजे तुमचं खरं असू शकतं. पण मग माझा एक साधा प्रश्न आहे. शेजारणी सात पानांवरून चिडवत होत्या हे तुम्हाला माहीत होतं. ही गोष्ट पहिल्या चिठ्ठीत एका ओळीत लिहायला तुमची शाई संपली होती का? कोबीबद्दल लिहायला होती. फुलाचा रंग लिहिला नाहीत, वास लिहिला नाहीत, फोटो पाठवला नाहीत. बांधणाऱ्याच्या हातात आंधळी काडी द्यायची आणि मग त्याच्याच नावाने बोंब मारायची. नाचता येईना अंगण वाकडं.

उकिरडा मी परवा स्वतः उकरून पाहिला. काही मिळालं नाही. सुनेने विचारलं की मामंजी, काय शोधायलाव, तर चाकू हरवलाय म्हणून सांगितलं. बिचारी माझ्याबरोबर बराच वेळ चाकू शोधत होती. तुमच्यापायी या वयात मला घरात खोटं बोलावं लागलं.

आणि माझ्या शाळेबद्दल जे लिहिलंत ते परत घ्या. घेईपर्यंत पल्लवी मन्नाएखेळ्ळीला येणार नाही. पाडव्यालाही नाही. हे विचार करून लिहितोय.

कळावे. लोभाचा विषय इथे संपवावा.

अंकुशराव

—

मन्नाएखेळ्ळी
२७ जानेवारी २०२४

अंकुशराव,

तुमच्या लाल गुलाबाचे डोळे मी दुकानामागे पत्र्याच्या आडोशाला बांधले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझे डोळे लागले. रोपांना कळ्याही आल्या होत्या. सगळी रोपं आज उपटून, मुळं झटकून सोबत पाठवतोय. गाडीत दिवसभर उन्हात राहतील, पोचतील तेव्हा तुमच्या उकिरड्याच्या कामाची असतील. काडीला काडी फिटली.

शाळेचं परत घेत नाही. माझी मुलगी मला भेटायची की नाही हे तुम्ही ठरवणार असाल, तर एवढंच सांगतो, तुमच्या दारात भांडायला यायला मला गाडी लागत नाही, चालत येईन.

श्रीपतराव

—

खटकचिंचोळी
२ एप्रिल २०२४

ती. अप्पांना,
पल्लवीचा सा. न.

या पत्राची एक नक्कल मामंजींच्या चहाच्या बशीखाली ठेवली आहे, म्हणजे त्यांना उगीच दुसऱ्याकडून कळायला नको.

तुम्ही दोघांनी माझ्यापासून सगळं लपवलं, असं तुम्हा दोघांनाच वाटतं. अप्पा, तुमचं पत्र आलं की मामंजी ते परसात उभे राहून मोठ्याने वाचतात आणि वाचता वाचता तुम्हाला उत्तरंही देतात. सासूबाई ऐकतात, मी ऐकते, गड्यालाही आता पाठ झालं आहे. ती उपटलेली लाल रोपं आली त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. तुम्हाला बरं वाटेल म्हणून नाही, कळावं म्हणून लिहिते.

जानेवारीत एका संध्याकाळी शाळेतून आले तर उकिरड्यावर हिरव्या फांद्या पडलेल्या होत्या. कोवळ्या शेंड्याचा तो तांबूस रंग, पानामागच्या शिरेवरची बारीक काट्यांची ओळ. लहानपणी आई वेणीत फूल माळायची तेव्हा देठ मी धरायची, ती ओळ बोटाला लागायची. मी पानं मोजली नाहीत. बघितलं आणि कळलं. चांगल्या फांद्या उचलल्या आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचल्या, आई खोचायची तशा. बहुतेक काळ्या पडल्या. एक लागली.

त्या वेळी मी गप्प बसले, कारण मला वाटलं अप्पा स्वतःहून सांगतील. संक्रांतीला तीळगुळाचा फोन केला तेव्हा मुद्दाम विचारलं की आईचं झाड कसं आहे. तुम्ही म्हणालात की यंदा भरून आलंय. तिथे तेव्हा खडी पडली होती, अप्पा. मी फोन ठेवून जिन्यात बसून राहिले. मग मामंजींबरोबर उकिरड्यात हरवलेला चाकू शोधला. चाकू त्यांच्या खिशात होता, मला दिसत होता.

परवा त्या काडीला फूल आलं. एकच आहे, पण घोसाच्या बाकी कळ्या मागे आहेत. काल मामंजी टाकी बघायला गच्चीवर आले आणि तिथेच उभे राहिले. मग खाली जाऊन चाकू आणि बांधायची पट्टी घेऊन आले. म्हणाले की दोन डोळे काढतो, खुंटावर बांधतो आणि त्या माणसाच्या तोंडावर नेऊन मारतो. मी त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला. सुनेने सासऱ्याच्या हातातून चाकू घेणं शोभत नाही, तरी घेतला. खाली जाताना एवढंच म्हणाले की फूल चांगलं आहे.

तुम्हालाही आता काडी हवी असेल. म्हणून सांगते.

माझं लग्न उन्हाळ्यात झालं. आई म्हणाली होती की आत्ता काडी लागत नाही, पहिल्या दिवाळसणाला येशील तेव्हा देते, मलाही माझ्या आईने दिली होती. दिवाळीआधीच ती गेली. त्यानंतर मी दर दिवाळीला आले. दर वेळी परत निघताना त्या झाडापाशी थांबायची, वाटायचं तुम्ही आतून कात्री आणाल. ती काडी मागायची नसते, अप्पा, द्यायची असते. तुम्ही चिवड्याचा डबा द्यायचात.

शेवटी झाड जायच्या आधी काड्या कापल्यात, आणि त्या मी राहते त्याच घरी पाठवल्यात. पुडक्यावर नाव मामंजींचं होतं. बदल्यात तुम्हाला लाल गुलाब हवा होता.

पुढच्या आठवड्यात ह्यांच्या बदलीमुळे आम्ही कलबुर्गीला राहायला जातोय. पाडव्याला मला पाठवायचं की नाही यावर तुम्ही दोघांनी भांडू नका, मी तेव्हा सामान लावत असेन. काडीचा तो रंगाचा डबा टेम्पोत देणार नाही, मांडीवर घेऊन जाईन. काडी मामंजींना मिळणार नाही आणि तुम्हालाही मिळणार नाही. मला मुलगी झाली तर तिला देईन.

कळावे. लोभ असावा असं शेवटी लिहायचं असतं. मी या वेळी लिहीत नाही, तुम्हीच विचार करून कळवा.

तुमची मुलगी,
पल्लवी