गळा तेवढा माझा

ती. आत्या,

नमस्कार. आधी तुझा घसा कसा आहे ते कळव, बाकी प्रकृतीचं नंतर. आणि एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर मला पदवी घेऊनही येत नाही. 'रंग उसना, केस उसने, गळा तेवढा माझा' हे गाणं जी बाई उसन्या गळ्याने म्हणते, तिला काय म्हणावं? (बाबांनी एक शब्द सुचवला. तो पत्रात लिहिता येत नाही.)

सिनेमा अजून लागायचाय आणि गाणं गल्लोगल्ली वाजतंय. न्हाव्याकडे, बसमध्ये, अगदी दाताच्या डॉक्टरकडेसुद्धा (तिथे तोंड उघडं ठेवून ऐकावं लागलं, म्हणून भांडता आलं नाही). सिनेमात नटीचंच काम करणारी आमची नटी आरशासमोर रंग पुसते आणि सांगते, माझ्यात खरं ते एवढंच. गातेस तू. तेही नमुना म्हणून, मोठ्या गायिकेला चाल कळावी एवढ्यापुरतं. तिला वेळ झाला नाही, संगीतकारांनी नमुनाच ठेवून दिला, आणि नटीने मुलाखतीत सांगून टाकलं की मीच गायले. इथवर मी दातओठ खात गप्प होते. पण परवा तिने दुसऱ्या कडव्याआधीच्या उचकीचा अर्थ सांगितला. म्हणे ती उचकी नाही, दाटून आलेला हुंदका आहे, आणि तो यावा म्हणून ती आठवडाभर उदास राहिली. आत्या, तू स्टुडिओच्या जिन्यात पाण्याशिवाय कोरडी बिस्किटं कोंबली होतीस. मीच आणून दिली होती. आता गावभर मुली उचक्या देत गातात. इतकी आठवण कुणी कुणाची काढत नाही.

आणि तू? भांडी घासताना तेच गाणं गुणगुणलीस, शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं गाता हो, पण तिची सर नाही," आणि तू मान डोलावलीस. वर मला हसत सांगितलंस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी आमच्या सिनेमा कंपनीच्या मालकांकडे गेले. शेवटची नामावली तयार करणं माझं काम, म्हणून रीतसर विचारलं की तुझं नाव घालू का. ते समजुतीने बोलले, त्याचाच जास्त राग आला. "अगं, ती म्हणते गळा माझा, आणि खाली नाव दुसरीचं? लोक हसतील. शिकलेली ना तू?" मी म्हटलं, शिकले म्हणूनच विचारतेय. मग त्यांनी ठेवणीतलं काढलं: नाव आलं तर तुझं कोरसचं काम बंद. बाबांचंही तेच, घरातली पहिली पदवी नोकरी टिकवायला असते, घालवायला नाही. आणि तूही म्हणालीस, "राहू दे ग. नावाने काय पोट भरतं?"

नाही भरत. पण जन्मभर तू दुसऱ्यांच्या मागे उभी राहून 'आ आ' म्हटलंस. पहिल्यांदा शब्द वाट्याला आले, आणि शब्द तरी कोणते! तेव्हा शांतपणे विचार कर आणि एकदा हो म्हण. तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

तुझी संतापी भाची

ता. क. तुझ्या खोलीत एक गादी मावेल का? बाबांशी तूच बोल, धाकटी असलीस तरी ते तुलाच भितात. कोरस सुटलाच तर दोघी मिळून गाण्याची शिकवणी काढू. उचक्या शिकायला अर्धं गाव येईल.

ता. क. पुन्हा. मालकांनी काल पूर्ण सिनेमा पाहिला. नावं सुरू झाली तसे ते उठले. सगळेच उठतात. आज सकाळी सिनेमाच्या प्रती थिएटरांकडे रवाना झाल्या. पहिल्या खेळाला जा, काकूंनाही ने, आणि दिवे लागले तरी उठू नकोस. रागवायचं ते नंतर रागव. आधी रंगवाल्याचं नाव येईल, मग केसवालीचं, आणि त्याखाली, 'गळा' असं लिहून, तुझं.