दुखत नाही म्हणून

लकडगंज, नागपूर
९ डिसेंबर १९८९

प्रिय गोपिका,

काल दवाखान्यात गेले होते. आजारी म्हणून नाही वं, बालवाडीतली नोकरी लागते आहे, तिला प्रकृतीचा दाखला हवा होता. म्हटलं, आपल्या जुन्या डॉक्टरांकडूनच घेऊ. आठ वर्षांपूर्वी त्यांनीच आपल्या दोघींचं ऑपरेशन केलं. आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं केलं, बेंबीशेजारी नळी घालायला एवढंसं छिद्र ठेवलं. अकरा वर्षांच्या होतो आपण. तेव्हापासून लंगोट सुटले, वर्गात कोणी नाक दाबेनासं झालं. दर चार तासांनी नळी घातली की झालं. मला वाटायचं, आपण बऱ्या झालो, विषय संपला.

काल डॉक्टरांनी शिरेतून औषध सोडून पोटाचे एक्स-रे फोटो काढले. फोटो खिडकीशी धरला आणि बोट ठेवून दाखवू लागले. मूत्राशयात दोन खडे, एक तर बोराएवढा. डावी किडनी आक्रसून निम्मी झालेली. मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाचा फोटो असंल डॉक्टरसाहेब, मले तं काहीच दुखत नाही." ते म्हणाले, "तुम्हा दोघींच्या मूत्राशयाच्या नसा जन्मापासूनच अधू, बेटा. दुखणार नाही, म्हणूनच दरवर्षी बोलावतो." आतड्याचा चिकट स्राव आत साचतो, नळीतून मिठाच्या पाण्याने धुतला नाही की खडे धरतात. तीन वर्षांत मी एकदाही धुतलं नव्हतं. गोपिका, सकाळी मी वेणीला नवी रिबीन लावून, सायकल दामटत गेले होते! परतताना सायकल हातात धरून चालतच आले. बसायचं सुचलंच नाही.

खडे काढायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. उजवी किडनी चांगली आहे, तिच्यावर निभेल म्हणतात.

सिंधूताई सिस्टर अजून त्याच वॉर्डात आहेत. मला पाहताच म्हणाल्या, "तुह्या संगची गोपिका कुठी हाय वं? दोन कार्डं टाकले, जवाब नाही." मी खाली मान घालून सांगितलं, उमरेडला दिली, तिसरा महिना आहे. त्यांनी लगेच तपासणीची वही पुढे ओढली, म्हणाल्या, "पोटुशी असली की किडनीवर अजून ताण येते, तिले पहिले घेऊन ये."

तू उत्तर का दिलं नाहीस, ते मी त्यांना सांगितलं नाही. वसंतरावांशी लग्न ठरलं तेव्हा तू मला विचारलं होतंस, तपासणीला जात राहू का? त्यांना ऑपरेशनचं ठाऊक आहे, पण सासूबाईंना कळलं तर? आणि मी शहाणीने लिहिलं, दुखत नाही तं जातं काहून, मीही सोडलं. तू माझं ऐकलंस. काल परतताना वाटेत रिक्षावाले माझ्यावर ओरडत होते आणि माझ्या डोक्यात तेवढंच एक वाक्य फिरत होतं. आता माझंच दुसरं ऐक. १९ तारखेला, मंगळवारी, दहा वाजता तुझं नाव लिहून आले आहे. पोटात बाळ आहे म्हणून फोटो काढणार नाहीत, रक्त-लघवी तपासतील. वसंतरावांना घेऊन सकाळच्या एसटीने निघ. नाही आलीस तर बुधवारी मी तुझ्या दारात उभी राहीन, आणि सासूबाईंनी विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही.

तुझीच,
प्रेमिला